कपाटातला पाहुणा

१२ सप्टेंबर, शुक्रवार

इंगेलिसला सांगून बसलोय की माझ्याकडे ऑफिसची वेगळी खोली आहे. बाबाला सांगून बसलोय की माझ्याकडे पाहुण्यांची वेगळी खोली आहे. दोन्ही खरं आहे. फक्त खोली एकच आहे.

तीही खोली म्हणायची म्हणून. समोर खिडकी, खिडकीखाली टेबल बसेल एवढी रुंदी, आणि दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्ही भिंतींना लागतात. आत्तापर्यंत मी तिथे झोपायचो. आता माझी गादी पुढच्या खोलीत सोफ्यावर गेली.

इंगेलिस म्हणजे आमची साहेबीण, डेन्मार्कच्या दुसऱ्या टोकाला, जटलंडला बसते. कंपनी बोटवाल्यांना दोर आणि जाळी विकते. मी इथे कोपनहेगनच्या गोदामात दोराची भेंडोळी उचलत होतो. बंदरावरचं ऑफिस बंद झालं, फोन घेणारी माणसं आपापल्या घरी बसवली, त्यातला एक सोडून गेला. इंगेलिसने मला विचारलं, कारण फेरो बेटांचा तांडेल बोलो की शेटलंडचा, मला कळतं. मी फेरोचाच. नववीत शाळा सोडली तेव्हा कोणाला वाटलं असेल की मला कधी खुर्ची मिळेल?

पण अट आहे. नोव्हेंबरपर्यंत बघणार, मग ठरवणार. आणि कामाच्या खोलीत कामच. "कपडे वाळत घालायचे नाहीत, सायकल ठेवायची नाही, आणि माणूस झोपवायचा नाही," ती म्हणाली. शेवटचं का म्हणाली ते कळलं नाही.

संध्याकाळी बाबाचा फोन. डोळ्याच्या मागच्या पडद्याला भोक पडलंय, इथल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन आहे.

"दोन रात्रींचं काम," तो म्हणाला. "तुझी ती पाहुण्यांची खोली आहे ना?"

"आहे की."

"आणि नोकरी? तीच आहे का दुसरी?"

"तीच."

"अजून?" म्हणाला, आणि फोन ठेवला.

आमच्या बेटावर पाहुण्याला नाही म्हटलं की सात पिढ्या बोलतात. आणि ही नोकरी गेली तर पुन्हा भेंडोळी. मला ही नोकरी हवी आहे. असं आजवर कुठल्याच कामाबद्दल लिहिलं नव्हतं. ट्रॉलर, मासळीचा कारखाना, बोगदा, खाटीकखाना, सगळीकडून मी पायाला भिंगरी लागल्यासारखा निघालो होतो.

१४ सप्टेंबर, रविवार

सुचलं. आमच्या जुन्या घरात कपाटपलंग होता. भिंतीत कपाट, कपाटात पलंग, पुढे सरकतं दार. दार लावलं की पलंग नाहीसा. दिवसा ऑफिस, रात्री पाहुणा. शिवाय पलंगाखालची जागा उघडी ठेवली की दोरांचे नमुनेही तिथेच.

फळ्या आणल्या आणि लगेच करवत घेऊन बसलो. अर्धी फळी होते न होते तोच खालच्या मजल्यावरच्या ग्रेटेबाई दारात. आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष. साठीच्या, उंच, केस कापलेले.

"रविवारी करवत चालवायची नाही, हे जिन्यात लिहिलंय."

"वाचलं नाही मी."

"वाचता येत नाही?"

"येतं. पण जिन्यात मी पळत असतो."

त्यांनी फळ्यांकडे पाहिलं. "शवपेटी करतोयस?"

"पलंग. माझ्या बाबासाठी."

"आवडतात का ते तुला?" त्यांनी विचारलं. मग काय वाटलं कोण जाणे, तळघरातल्या सुतारकामाच्या खोलीची किल्ली काढून दिली. "उद्यापासून तिथे. तिथे कोणाला ऐकू जात नाही. मीच एकटी जाते कधीतरी, खुर्च्या दुरुस्त करायला."

बाईंचा आवाज कडक आहे, पण किल्ली चांगली आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

पलंग उभा राहिला. दार गुळगुळीत सरकतं. निळसर राखाडी रंग दिला. खुर्चीत बसून कॅमेऱ्यात पाहिलं, तर मागे नुसती सुंदर भिंत दिसते. मोठ्या वकिलाचं ऑफिस वाटतं. आज मी तीनदा आत झोपून बाहेर आलो.

आत पाय दुमडावे लागतात, पण तसे आमच्याकडेही लागायचे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बाबा आला. विमानतळावर मला जाता आलं नाही, फोनवर बसायचं होतं. पत्ता सांगितला होता. वाट बघतोय, बाबाचा पत्ता नाही. शेवटी खालून ग्रेटेबाईंचा आवाज आला, "रोई, तुझं काहीतरी माझ्या स्वयंपाकघरात आहे."

झालं असं की बाबाने मजले मोजले नाहीत. एक दार किलकिलं दिसलं, तिथे शिरला. आमच्याकडे दार वाजवतो तो वसुलीवाला नाहीतर पाद्री. त्यामुळे वाजवायचा प्रश्नच नव्हता. बूट काढले, आत गेला, स्टोव्हवर कॉफी होती ती कपात ओतली आणि बसला. ग्रेटेबाई कचरा टाकून वर आल्या तर टेबलाशी लोकरी मोज्यातला अनोळखी म्हातारा.

मी माफी मागत होतो. बाबा शांत. "कॉफी पातळ आहे," तो मला आमच्या भाषेत म्हणाला.

"काय म्हणतात ते?"

"कॉफी छान आहे म्हणतोय."

"मला डॅनिश येतं," बाबा डॅनिशमध्ये म्हणाला. "पातळ आहे म्हणालो मी."

मला वाटलं, आता सोसायटीची नोटीस येणार. पण बाई म्हणाल्या, "मग उद्या तुम्हीच करा."

वर आल्यावर मी ऐटीत कपाटाचं दार सरकवलं. बाबाने आत डोकं घालून पाहिलं.

"आपल्या घरातला आहे," मी म्हणालो. "तसाच. माप आठवून केला."

"तुझं माप आठ वर्षांच्या पोराचं," बाबा म्हणाला. "त्या पलंगात माझा आजा बसून झोपायचा. मी त्यात कधी मावलोच नाही. मी जमिनीवर झोपायचो."

आत शिरला तर गुडघे हनुवटीला. मग रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी मिळून पायाकडची फळी कापली. आता बाबाचे पाय पलंगातून बाहेर येऊन माझ्या टेबलाखाली राहतात. झोप लागता लागता म्हणाला, "पाय ऑफिसात आहेत माझे."

आई गेल्यापासून त्याला हसताना पाहिलं नव्हतं. दोन वर्षं होतील. हसला असं नाही, पण दाराआडून आवाज तसा होता.

३० सप्टेंबर, मंगळवार

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलाय, तो पडद्याला दाबून धरतो. त्यासाठी आठवडाभर तोंड खाली करून राहायचं, जेवण सोडलं तर सारखं. आणि बुडबुडा विरेपर्यंत विमानात बसायचं नाही, डोळा फुटेल. मनगटाला हिरवा पट्टा बांधलाय, त्यावर तसं लिहिलंय. बुडबुडा विरायला कितीही आठवडे लागतात म्हणे.

दोन रात्री संपल्या.  

पालथं झोपून श्वास कोंडतो म्हणून गादीला आणि फळीला तोंडाएवढं भोक पाडलं. कडेला जुन्या स्वेटरची गादी शिवली. भोकातून बाबाला थेट खाली दोरांचे नमुने दिसतात. "चांगली जागा दिलीस," म्हणाला. "निदान ओळखीची माणसं दिसतात."

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कामाच्या वेळात बाबा कपाटात, दार बंद. ठरलंय की आवाज करायचा नाही. त्याने केलाही नाही. पण पाय आहेत ना.

सकाळी आमच्या बेटांवरच्या क्लाक्सविकच्या तुम्मास तांडेलाचा फोन. मी ऑर्डर घेतली, नंबर लिहिला, ठेवणार तोच टेबलाखालून नडगीवर धक्का. फोन संपल्यावर दार सरकवलं.

"काय झालं?"

"त्याच्या बायकोचा गुडघा," भोकातून आवाज आला. "विचारला नाहीस."

"मला काय माहीत तिचा गुडघा?"

"म्हणूनच विचारायचं."

मी पुन्हा फोन लावला. गुडघा विचारला. तुम्मास पुष्कळ बोलला. मग म्हणाला की थांब, भावाच्या बोटीलाही दोर लागणार आहे.

तेव्हापासून ठरलं. एक धक्का म्हणजे घरच्यांची चौकशी कर. दोन म्हणजे पुरे, तो कामात आहे. आज माझी नडगी काळी झाली आहे आणि मी खूश आहे.

ग्रेटेबाई दुपारी येऊन बाबाला पेपर वाचून दाखवतात. पालथ्या माणसाला पेपर धरता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या जमिनीवर उशी टाकून बसतात आणि पलंगाखाली वाकून वाचतात, म्हणजे त्याला तोंड दिसावं. अध्यक्षपदाचं काम मोठं आहे. मला तर कुणी वाचून दाखवलं नाही, फक्त जिन्यातली पाटी.

७ ऑक्टोबर, मंगळवार

घात झाला.

इंगेलिसचा अचानक व्हिडिओ फोन. बाबा कपाटात, दार बंद, सगळं ठीक. मी कानाला हेडफोन लावून वकिलासारखा बसलो. ती आकडे विचारते, मी सांगतो. बोलता बोलता ती थांबली.

"रोई."

"हं?"

"तुझ्या मागे पलंगाखाली दोन हात आहेत."

मी वळून पाहिलं. पलंगाखालच्या उघड्या जागेत वरून दोन हात लोंबत होते आणि निवांतपणे दोराला गाठ मारत होते. बाबाला रिकामं राहवत नाही, फळीच्या कडेच्या फटीतून हात सोडून त्याने नमुन्यांना वळसे मारायला घेतले होते. फोन चालू आहे हे त्याला माहीत होतं. पण हात दिसतात हे त्याला कुठून कळणार, तो पालथा.

"आहेत खरे," मी बाबाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"कोणाचे?"

"माझ्या बाबाचे."

"बाकीचे बाबा कुठे आहेत?"

"वर. कपाटात."

तिच्या तोंडावर काहीच दिसेना. जटलंडची माणसं अशीच, चेहऱ्यावर धुकं. मग म्हणाली, "सहा नोव्हेंबरला मी कोपनहेगनला येते आहे. खोली बघेन. तेव्हाच ठरवू."

फोन ठेवला. हात अजून गाठ मारत होते.

"कोण होतं?" बाबाने विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो.

१२ ऑक्टोबर, रविवार

बाबाचं पालथं झोपणं संपलं. आता सरळ बसतो. बुडबुडा मात्र आहे, खाली डोलणारी काळी चकती दिसते म्हणतो, होकायंत्रासारखी.

घरून आणलेली वाळवलेली मेंढीची तंगडी आज कापली. वास जिन्यापर्यंत गेला. ग्रेटेबाई तक्रार घेऊन येतील वाटलं, त्या ताट घेऊन आल्या. त्यांना फारच आवडलं. दुसऱ्यांदा घेताना तर डोळ्यांत पाणी होतं.

जेवताना मला एक प्रश्न पडला होता तो बाईंनीच विचारला. "विमान नाही तर नाही. जटलंडच्या टोकावरून तुमच्या बेटांना बोट जाते ना?"

मीही बाबाकडे पाहिलं. खरंच की. आणि सहा तारखेच्या आत तो घरी पोहोचला असता.

बाबा चावत होता. चावून झालं. "बोट लागते मला," म्हणाला.

चाळीस वर्षं तांडेल होता बाबा. आइसलंडच्या पलीकडे मासेमारी केली. त्याला बोट लागते हे मला कधीच माहीत नव्हतं. बिचाऱ्याने कोणाला सांगितलं नसेल. ग्रेटेबाई एकदम खाली बघून पाव कापायला लागल्या, त्यांनाही वाईट वाटलं असावं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

बाबा तपासणीला गेला होता. ग्रेटेबाई सोबत गेल्या, मला फोन सोडता येत नाही. दुपारी यायचे ते संध्याकाळी आले. हॉस्पिटलात गर्दी होती म्हणे. बाईंच्या टोपीवर मोहरीच्या सॉसचा डाग होता, हॉस्पिटलाच्या कँटीनमध्ये सॉसेज चांगलं मिळतं वाटतं.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"जपा म्हणाले," बाबा म्हणाला.

हिरवा पट्टा तुटला होता, कात्रीने कापल्यासारखा सरळ. बाबाने जाळ्याच्या दोऱ्याने तो पुन्हा मनगटाला बांधला, पक्क्या गाठीने. डॉक्टरांचं इतकं ऐकणारा माणूस मी पाहिला नाही.

काळी चकती अजून दिसते का विचारलं. "कुठली चकती?" म्हणाला. मग म्हणाला, "हां, ती."

२ नोव्हेंबर, रविवार

चार दिवस उरले. मी बाबाला शेवटी सगळं सांगितलं. अट, हात, सहा तारीख, सगळं. मला वाटलं, ओरडेल. किंवा म्हणेल की मला माहीतच होतं, हीही जाणार.

तो म्हणाला, "त्या दिवशी मी ग्रेटेकडे बसतो. गादी तळघरात ठेवू. भोकावर फळी ठोक. कपाट म्हणजे कपाट."

युक्ती चांगली होती. मी हो म्हणालो.

नंतर आंघोळीला गेलो तर बाबा माझ्या बहिणीशी, मार्युनशी फोनवर बोलत होता. भिंत पातळ आहे.

"नाही, नाही. त्याचं ऑफिस आहे. खरं ऑफिस. लोक त्याला नावाने विचारतात. हो, मीही असतो. माझे पाय असतात."

मग ती काहीतरी म्हणाली असेल.

"येईन गं. घर काय पळून जातंय?"

मी नळ चालू ठेवून बराच वेळ तसाच उभा राहिलो. पाणी गार झालं.

बाहेर येऊन म्हणालो, "तू कुठे जायचं नाहीस. गुरुवारी तू कपाटातच बसायचं. दार उघडं."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे." असं म्हणालो खरा. मग रात्रभर कूस बदलत राहिलो, कारण जाऊ दे असं मला अजिबात वाटत नव्हतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आजच लिहितो, उद्या मला माझंच पटणार नाही.

इंगेलिस आली. पहाटेच्या गाडीने आलेली, दमलेली. फोनवर दिसते त्याहून बुटकी. बाबा कपाटात धुतलेला स्वेटर घालून, उशीला टेकून, मांडीवर हात ठेवून बसला होता, चर्चमधल्या संतासारखा. पाय नेहमीच्या जागी.

"हे बाकीचे बाबा," मी म्हणालो.

तिने हात मिळवला. खोलीत खुर्ची एक, ती तिला दिली. मी उभा. ती टेबलाशी बसली, खिडकी पाहिली, नमुने पाहिले, एक दोर उचलून गाठ पाहिली.  आणि फोन वाजला.

तुम्मास. ह्याच वेळी. मी उभ्या उभ्याच घेतला. इंगेलिस समोर. घाईघाईने ऑर्डर लिहिली आणि आभार मानून ठेवायला निघालो, तेवढ्यात इंगेलिस खुर्चीतून उडाली.

नडगी चोळत ती टेबलाखाली वाकली. तिथे बाबाचे लोकरी मोजे.

"ह्यांनी मला लाथ मारली," ती म्हणाली.

बाबा कपाटात लालबुंद. "तिथे तो बसतो ना रोज," म्हणाला.

फोनवर तुम्मास ऐकत होता. मी आता काय जायचं ते जाऊ दे म्हणून विचारलं, "तुम्मास, गुडघा कसा आहे वहिनींचा?" गुडघा बरा होता. त्या आता जिना चढतात. मुलीचं लग्न ठरलंय. नवी बोट घेतायत, जाळ्यांचा सगळा संच लागेल, पुढच्या आठवड्यात सविस्तर बोलू.

फोन ठेवला. इंगेलिस अजून टेबलाखाली बघत होती.

"ही लाथ कशासाठी होती?"

"एक म्हणजे घरच्यांची चौकशी कर."

"आणि दोन?"

"पुरे, तो कामात आहे."

ती परत नीट बसली. जटलंडचं धुकं. मग म्हणाली, "ती अट मी घातली, कारण तुझ्या आधीचा माणूस त्याच्या ऑफिसात दिवसा झोपायचा. फोन वाजत राहायचे." तिने कपाटाकडे हात केला. "इथे जो झोपतो तोही काम करतो."

ती माझ्याकडे वळली.

"फोनवर फार वेळ बोलतोस. पण क्लाक्सविकची माणसं आता दुसऱ्या कोणाशी बोलायलाच तयार नाहीत, म्हणजे मला पर्याय नाही. पक्क्या नोकरीचा कागद पाठवते." मग उठून कपाटात डोकावली, बाबाच्या शेजारची गादी हाताने दाबून पाहिली. "आमची माणसं इथे आली की हॉटेलात जातात, आणि हॉटेलातल्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. डिसेंबरमध्ये मी दोन रात्री इथेच राहीन. दार आतून लागतं?"

"लागेल," मी म्हणालो. "उद्या लागेल."

"तोवर हे पाहुणे गेलेले असतील ना?"

आम्ही दोघांनी बाबाकडे पाहिलं. बाबाने मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"डोळ्यावर आहे ते," तो म्हणाला.

ती गेल्यावर मी कपाटात बाबाच्या शेजारी जाऊन बसलो. आत दोघं मावत नाहीत. पण बसलो. बाबा म्हणाला, "टिकलास," आणि एवढंच म्हणाला. मग एक लाथ मारली, हलकी, आणि मी आतल्या आत शोधत राहिलो की आता कोणाची चौकशी करायची आहे.

"तू कसा आहेस, बाबा?" शेवटी विचारलं.

"बरा आहे रे," तो म्हणाला. "फार बरा आहे."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्रभर डोक्यात एकच. डिसेंबरला इंगेलिस येणार, बाबाला विमान चालत नाही, बोट लागते, आणि घरातून निघ असं बापाला कोणत्या तोंडाने सांगायचं? सकाळी कॉफी केली, घट्ट, त्याच्या आवडीची. शब्द जुळवून आत गेलो.

कपाट रिकामं. गादी झटकून, घडी घालून ठेवलेली. बॅग नाही.

धावत खाली गेलो. ग्रेटेबाईंचं दार किलकिलं होतं. बाबा स्वयंपाकघरात बाह्या वर करून एका मोडक्या खुर्चीला सरस लावत होता. बाई पाव भाजत होत्या. रेडिओ चालू.

"इथे राहतो मी आता," बाबा म्हणाला. "डोळा बरा होईपर्यंत. तुला ऑफिस लागणार."

माझा जीव भांड्यात पडला. मी ग्रेटेबाईंचे किती आभार मानले. शेजारी असावेत तर असे. म्हटलं, तुम्हाला अडचण नाही ना? त्या म्हणाल्या, छे, तीन खोल्यांचं घर, त्यातली एक वर्षानुवर्षं रिकामीच आहे, तिथे ह्यांची सोय केलीय.

"कुठली?" मी विचारलं. त्याचं सामान लावायला मदत करावी म्हणून.

"मागची," ग्रेटेबाई म्हणाल्या.

"पुढची," बाबा म्हणाला, त्याच क्षणी.

म्हणजे दोन रिकाम्या असणार. एकट्या बाईला एवढं मोठं घर कशाला लागतं कोण जाणे, पण बाबाचं बरं झालं, ऐसपैस पाय पसरता येतील.